जीवनजींचे वृत्तपत्र कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीभाई मुल्ला जीवनजी यांच्यावर आलेला पानभर लेख मी दोनदा वाचला. कराचीचा एक बोहरी व्यापारी पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या केनियात, जातो, युगांडा रेल्वेच्या कंत्राटांवर मोठा होतो, नैरोबीत इमारती आणि बाजार उभारतो, शहराला बाग देतो आणि १९०९ मध्ये तिथल्या कायदेमंडळावर नेमला गेलेला पहिला गोरेतर सभासद ठरतो. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. ते छापल्याबद्दल आधी मनापासून आभार.

आता तक्रार. लेखात त्यांच्या मालमत्तेची यादी सविस्तर आहे, देणग्यांचीही आहे. त्यांनी काढलेल्या वृत्तपत्राला मात्र एकच वाक्य मिळाले आहे. ते कुठे निघाले, किती दिवस त्यांच्याकडे राहिले, नंतर कोणाच्या हातात गेले, याविषयी काहीच नाही. माझ्या मते या माणसाच्या राजकारणाचे यश आणि अपयश दोन्ही तिथेच आहेत. त्यांची बाग आणि बाजार लक्षात राहिले, तसे हेही राहायला हवे, म्हणून हे लांबलचक पत्र.

मी नाशिकच्या छापखान्यांत कंपोझिटर होतो. शिशाच्या खिळ्यांपासून, म्हणजे सुट्या अक्षरांपासून, सुरुवात केली, पुढे डीटीपी आले तेव्हा संगणकावर बसलो. दुसऱ्यांचा मजकूर जुळवण्यात आयुष्य गेले. त्यामुळे कोणत्याही मोठ्या माणसाचे चरित्र वाचताना माझी नजर एका गोष्टीकडे जाते : याचे म्हणणे कोण छापत होते, आणि त्या यंत्राचा मालक कोण होता?

जीवनजींचा जन्म १८५६चा, कराचीचा. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. म्हणजे नाशिक आणि कराची एकाच गव्हर्नरच्या हुकमतीखाली होते, आणि सिंध वेगळा झाला तो १ एप्रिल १९३६ रोजी, जीवनजी वारले त्याच वर्षी. पूर्व आफ्रिकेतही त्यांना परका वाटावा असा कारभार नव्हता. तिथे १९२० पर्यंत व्यवहार भारतीय रुपयात चालत होता आणि इंडियन पीनल कोड १९३० पर्यंत लागू होते. रुपया आपला, कायदा आपला, रेल्वे बांधणारे मजूरही आपलेच. जमीन आणि सत्ता मात्र गोऱ्यांची. जीवनजींचे सगळे राजकारण या विसंगतीतून निघाले आहे.

युगांडा रेल्वेचे काम १८९६ मध्ये मोंबासाहून सुरू झाले आणि १९०१च्या डिसेंबरात रूळ व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी पोचले. अंतर ५८२ मैल. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले, बहुतेक पंजाबातले, तीन वर्षांच्या करारावर. त्यातले सुमारे अडीच हजार तिथेच मेले, सहा हजारांहून अधिक जायबंदी किंवा आजारी होऊन परत आले. १८९८ मध्ये त्सावोच्या पुलावर सिंहांनी मजूर ओढून नेले, ती हकिकत जगभर गेली. हिवताप, आमांश आणि पायांतल्या जखमांनी गेलेल्यांची हकिकत कोणी सांगितली नाही. दर मैलामागे चार माणसे, असा तो हिशेब पडतो. आपल्या कसाऱ्याच्या घाटातून गाडी वर चढताना मागे बँकर इंजिन लागते, तेव्हा १८६५ला तो घाट खुला होण्याआधी तिथे किती माणसे गेली असतील हा विचार मला दर वेळी येतो. त्यांचीही नावे कुठल्या फलकावर नाहीत.

जीवनजी या रेल्वेला मजूर पुरवणारे, त्यांच्या शिध्याची व्यवस्था बघणारे आणि बांधकामाची कंत्राटे घेणारे होते. त्यांची श्रीमंती यातून आली, हे लेखात आहे. मरणारांचे आकडे लेखात नाहीत. दोन्ही एकाच परिच्छेदात यायला हवे होते. त्या मरणांचा सगळा दोष जीवनजींच्या माथी मारावा असे मी म्हणत नाही. रेल्वे ब्रिटिश सरकारची होती, करार सरकारचा होता, दवाखाने सरकारचे होते. पण कंत्राटदाराचे चरित्र लिहिताना त्याने किती कमावले याच्या शेजारीच किती माणसे परतली नाहीत हे लिहिले पाहिजे.

रेल्वेबरोबर नैरोबी जन्मले. १८९९ मध्ये ते रूळ टाकणाऱ्यांचे सामान ठेवण्याचे ठिकाण होते, दलदलीच्या जागेतले. सुरुवातीच्या सरकारी इमारतींपैकी कित्येक जीवनजींनी बांधून दिल्या. प्लेग आला, भारतीयांचा बाजार जाळला गेला, तो पुन्हा उभा राहिला. त्याच सुमारास आपला नाशिक जिल्हाही प्लेगने पोळला होता. १९०६ मध्ये त्यांनी नैरोबीला बाग दिली आणि तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा बसवला. ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. राणीचा पुतळा बसवून साम्राज्याकडून बरोबरीची वागणूक मिळेल, असा विश्वास त्या पिढीतल्या अनेकांना होता. आपल्याकडच्या नेमस्तांनाही तो होता.

वृत्तपत्र निघाले ते या बागेच्या आधी, १९०२च्या नोव्हेंबरात, मोंबासाला. नाव 'आफ्रिकन स्टँडर्ड', पुढे जोडलेले 'मोंबासा टाइम्स अँड युगांडा आर्गस'. साप्ताहिक, इंग्रजीतले. संपादनासाठी डब्ल्यू. एच. टिलर नावाचा इंग्रज माणूस नेमला होता. जीवनजी मालक होते, लेखक नव्हते. परक्या किनाऱ्यावर छपाईयंत्र उतरवायचे, खिळे मागवायचे, कागद बोटीने आणायचा, जुळवणारी माणसे शिकवून तयार करायची, आणि वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कोणत्याही व्यापाऱ्याने हिशेबाची वही पाहून यातून अंग काढले असते. तरी त्यांनी वृत्तपत्र काढले. त्यांच्या सगळ्या कर्तृत्वात मला हे सर्वांत धाडसी वाटते.

१९०५ मध्ये त्यांनी ते अँडरसन आणि मायर या दोन युरोपीय भागीदारांना विकले. नाव 'ईस्ट आफ्रिकन स्टँडर्ड' झाले. १९१० मध्ये ते मोंबासाहून नैरोबीला हलले, दैनिक झाले आणि गोऱ्या वसाहतवाल्यांचे मुखपत्र बनले. भारतीयांना वरच्या थंड, सुपीक पठारावर जमीन देऊ नये, भारतीयांची वस्ती वेगळी करावी, त्यांना मताधिकार देऊ नये, ही वसाहतवाल्यांची मागणी पुढची अनेक वर्षे ज्या पत्रातून रेटली गेली, त्याची पायाभरणी एका भारतीयाच्या पैशातून झाली होती.

आता तारखा बघा. १९०७ मध्ये कायदेमंडळ बसले, लॉर्ड डेलामेअरसारखे वसाहतवाले त्यात होते. १९०८ मध्ये वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांनी लिहून दिले की पठारावरची जमीन भारतीयांना देऊ नये, कारभाराच्या सोयीसाठी. १९०९ मध्ये जीवनजींची नेमणूक झाली. म्हणजे ज्या वेळी भारतीयांना बोलायला एक जागा मिळाली, त्या वेळी त्यांचे बोलणे छापायला स्वतःचे पत्र उरले नव्हते. मंडळात ते एकटे. तिथे काय म्हणाले हे नैरोबीच्या वाचकाला कळायचे ते विरोधकांच्या पत्रातून.

म्हणून १९१० मध्ये हा माणूस लंडनला गेला आणि तिथल्या 'डेली क्रॉनिकल'ला मुलाखत दिली. १९१२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांची बाजू मांडणारी पुस्तिका काढली, ती मुंबईत छापून. मोंबासाला स्वतःचे यंत्र असलेला माणूस आपले म्हणणे छापायला समुद्र ओलांडून मुंबईला येतो, ही गोष्ट मी कंपोझिटर म्हणून विसरू शकत नाही. पुस्तिका एकदा निघते आणि संपते. वृत्तपत्र दर आठवड्याला दारात येते, कालचे उत्तर आज देते, खोडून काढलेले पुन्हा मांडते. राजकारणाला हे दुसरे लागते.

त्या लंडनच्या मुलाखतीचा उल्लेख आपल्या लेखात गौरवाने आहे. भारतीयांवरच्या अन्यायाविषयी जीवनजी तिथे निर्भीडपणे बोलले, हे खरेच. पण त्याच मुलाखतीत त्यांनी सुचवले होते की हा आफ्रिकन प्रदेश हिंदुस्थानच्या साम्राज्याला जोडावा, व्हाइसरॉयच्या हाताखाली प्रांतिक सरकार नेमावे, प्रदेश आम्हाला मोकळा करावा, म्हणजे थोड्याच वर्षांत दुसरे हिंदुस्थान उभे राहील. हे वाक्य लेखातून वगळले गेले आहे. का वगळले, ते लेखकाने सांगावे. ती जमीन किकुयूंची होती, मसाईंची होती, कांबांची होती. गोऱ्याने घेतली म्हणून ती बेवारस झाली नव्हती. जीवनजी गोऱ्यांशी वाटणीवरून भांडत होते. ज्याच्या घरातली वाटणी चालली होती तो त्यांच्या बोलण्यात कुठे नव्हता. नैरोबीच्या कायदेमंडळात पहिला आफ्रिकन सभासद, एलियुद मथू, १९४४ मध्ये बसला, जीवनजींनंतर पस्तीस वर्षांनी. मधल्या काळात आफ्रिकनांच्या हिताचे बोलण्यासाठी १९२४ मध्ये एका गोऱ्या मिशनऱ्याला नेमण्यात आले होते.

यावर 'काळच तसा होता' असे उत्तर येईल. तो काळ सर्वांसाठी सारखा नव्हता. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे त्याच पिढीचे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेले 'दीनबंधु' लोखंडे यांनी १८८०ला मुंबईत नेऊन पुढे चालवले, आणि गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीसाठी जी वर्षानुवर्षे झुंज दिली ती त्याच पत्राच्या आधाराने. १८९०ला ती सुट्टी मिळाली. लोखंडे यांच्याकडे जीवनजींसारखा पैसा कधीच नव्हता. पण पत्र कोणासाठी, हे त्यांना ठाऊक होते. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना ते गेले.

आणखी जवळचे उदाहरण नाशिकचेच. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याची तयारी दादासाहेब गायकवाड आणि इथल्या कार्यकर्त्यांनी केली. डॉ. आंबेडकरांचे 'बहिष्कृत भारत' १९२९च्या नोव्हेंबरात बंद पडले होते आणि 'जनता' १९३०च्या नोव्हेंबरात निघाले. म्हणजे आपल्या पंचवटीत हजारो लोक दारात उभे होते तेव्हा त्यांचे स्वतःचे पत्र चालू नव्हते. बाबासाहेबांनी त्या वर्षाच्या आतच पुन्हा पत्र काढले, हाताशी पैसा नसताना. पत्र बंद पडणे आणि पत्र विकणे यांत फरक आहे. बंद पडलेले पत्र पुन्हा निघते. विकलेले पत्र तुमच्याच विरुद्ध उभे राहू शकते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. ज्या साप्ताहिकात मी उमेदीची वर्षे घालवली, त्याचे मालक-संपादक शिक्षक होते. अंक शुक्रवारी निघायचा, गुरुवारी रात्रभर जुळवलेल्या पानांचे फर्मे बांधायचे. वर्गणीदार निफाडपासून सुरगाण्यापर्यंत. एका वर्षी मार्चचा पहिला अंक जुळवताना मालकीचे निवेदन हातात आले. दरवर्षी फेब्रुवारी संपला की प्रत्येक पत्राला 'फॉर्म ४' छापावा लागतो : प्रकाशनस्थळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक, प्रत्येकाचे नाव आणि पत्ता. वाचक तिकडे बघत नाही. त्या वर्षी मालकाच्या रकान्यात एका बांधकाम कंत्राटदाराचे नाव होते. मालक बदलल्याचे आम्हा कामगारांना त्या कागदावरून कळले.

नवीन मालक वाईट बोलायचे नाहीत. पगार वेळेवर झाले, नवीन ट्रेडल छपाईयंत्र आले, दिवाळीला मिठाई आली. मग पावसाळ्यात नासर्डीला पूर आला आणि काठावरची मजुरांची वस्ती वाहून गेली. पेठ, सुरगाण्याकडची माणसे, नाक्यावर उभी राहून कामाला जाणारी. ती वस्ती याच मालकांच्या कामावरच्या मजुरांची होती. बातमीदाराने नावानिशी बातमी दिली, मी ती जुळवली, प्रूफ निघाले, तपासून झाले. रात्री फर्मा बांधलेला असताना निरोप आला आणि ती बातमी काढायला लावली. मी दोन कॉलमचे मॅटर सोडवले आणि खिळे एकेक करून खणात परत टाकले. त्या जागेवर महापालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या मालकांचा वाढदिवसाचा फोटो गेला. ती वस्ती नेमकी किती घरांची होती, हे आज कोणत्याही अंकात सापडणार नाही. माझ्या हाताखालून गेलेली बातमी होती ती, पण ती छापलीच गेली नाही, त्यामुळे ती घडलीही नाही असे झाले. याची चीड मला अजून आहे.

जीवनजींवरचा लेख वाचताना मला हेच आठवत होते. नैरोबीच्या त्या दैनिकात १९१० नंतर किती बातम्या अशा खणात परत गेल्या असतील?

नैरोबीला मी जाऊन आलो आहे. मुलीच्या नवऱ्याची नोकरी तिथे होती. जीवनजी गार्डन्स शहराच्या अगदी मध्यात आहे. दुपारच्या सुट्टीत कचेऱ्यांतली माणसे बाकांवर बसलेली, कोणी उभा राहून मोठ्याने बायबल सांगतो आहे, कोणी राजकारणावर वाद घालतो आहे. १९९१ मध्ये या बागेत बहुमजली वाहनतळ उभारायचा घाट घातला गेला होता. जीवनजींची नात झरीना पटेल यांनी लोक गोळा करून ती वाचवली. त्याच झरीनाबाईंनी आजोबांचे चरित्रही लिहिले आहे. ती बाग पाहिल्यावर मला जीवनजींविषयी आदर वाटला, तो लपवत नाही. भर शहरात जमीन सोडून देणे सोपे नाही. आपल्या गंगाघाटाच्या आसपासची मोकळी जागा कशी गेली हे आपण डोळ्यांनी पाहतो आहोत.

बागेच्या बाहेर पेपरवाल्याकडे 'द स्टँडर्ड' मिळत होता. तेच ते पत्र, १९०२चे. आजही निघते. स्वातंत्र्यानंतर त्याचे मालक बदलले, धोरण बदलले. २ मार्च २००६ रोजी पोलिसांनी त्याच्या कचेरीवर आणि छापखान्यावर रात्री धाड घातली, अंक जाळले, यंत्र बंद पाडले, कारण सरकारला न आवडणाऱ्या बातम्या त्यात येत होत्या. एकेकाळी वसाहतवाल्यांचे असलेले पत्र आफ्रिकन पत्रकारांच्या हातात येऊन सरकारला झोंबू लागले. यंत्राला जात नसते, रंग नसतो. ते कोणाच्या हातात आहे एवढाच प्रश्न असतो. म्हणूनच ते हातचे सोडताना विचार हवा.

जीवनजी थांबले नाहीत, हेही लिहिले पाहिजे. १९१४ मध्ये मोंबासाला ईस्ट आफ्रिकन इंडियन नॅशनल काँग्रेस स्थापन झाली त्यात त्यांचा पुढाकार होता. १९२३ला केनियातल्या भारतीयांचे शिष्टमंडळ लंडनला गेले त्यात, सत्तरीकडे झुकलेले असताना, ते होते. हाती काय लागले? त्या वर्षीच्या ब्रिटिश सरकारच्या डेव्हनशायर श्वेतपत्रिकेने सांगितले की केनिया हा मुळात आफ्रिकनांचा प्रदेश आहे आणि त्यांचे हित सर्वांच्या वर. शब्द बरोबर होते. पण त्यांच्या आडोशाने भारतीयांची समान मतदारयादीची मागणी फेटाळली गेली, पठार गोऱ्यांकडेच राहिले आणि आफ्रिकनांच्या पदरातही काही पडले नाही. भारतीय पुढाऱ्यांनी आधीपासून आफ्रिकनांना बरोबर घेतले असते, तर लंडनला हा डाव इतका सहज खेळता आला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

तसे करणारे भारतीय तिथे होते, आणि आपल्या पुरवणीने आता त्यांच्याकडे वळावे. सुरतेकडचे मणिलाल देसाई वकिलाच्या कचेरीत कारकून म्हणून नैरोबीला आले आणि त्यांनी 'ईस्ट आफ्रिकन क्रॉनिकल' काढले. हॅरी थुकू हा तरुण किकुयू पुढारी सक्तीच्या मजुरीविरुद्ध आणि झोपडीवरच्या कराविरुद्ध उभा राहिला, तेव्हा त्याची पत्रके देसाईंच्या छापखान्यातून निघाली. १९२२च्या मार्चमध्ये थुकूला पकडले आणि १६ मार्चला पोलीस ठाण्यासमोर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. किमान २१ माणसे मेली. देसाईंचे पत्र फार काळ चालले नाही, पण ते योग्य वेळी योग्य माणसांसाठी चालले. देसाई स्वतः १९२६ मध्ये वारले.

पुढे १९३३ मध्ये गिरधारीलाल विद्यार्थी यांनी 'कलोनियल टाइम्स' काढले, आफ्रिकन भाषांतली पत्रेही आपल्या यंत्रावर छापून दिली आणि राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंग पाहिला. मखनसिंग यांचे वडील सुतारकाम करणारे, रेल्वेत कामाला आलेले. घरचा छापखाना पुढे झाला. मखनसिंगांनी १९३५ मध्ये कामगार संघटना सर्व वंशांच्या कामगारांना खुली केली आणि १९५०च्या एप्रिलमध्ये नैरोबीच्या कालोलेनी हॉलमध्ये जाहीर सभेत पूर्व आफ्रिकेच्या संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. पुढच्याच महिन्यात त्यांना उचलले आणि १९६१ पर्यंत अडकवून ठेवले. गोव्याच्या कुटुंबातले, नैरोबीत जन्मलेले पिओ गामा पिंटो यांनी पत्रकारिता केली, गोवामुक्तीत भाग घेतला, केनियाच्या लढ्यात तुरुंगवास भोगला आणि स्वतंत्र केनियात १९६५च्या फेब्रुवारीत ते गोळी घालून मारले गेले. या चौघांपैकी कोणीही शहराला बाजार बांधून दिला नाही. म्हणून त्यांच्यावर पानभर लेख येऊ नये असे थोडेच आहे?

आपल्याकडे दोन मागण्या करतो.

पहिली, जीवनजींवरच्या लेखाचा दुसरा भाग छापावा. त्यात १९०५ची विक्री यावी, १९१०ची मुलाखत पुरती यावी आणि रेल्वेवर मेलेल्या मजुरांचा आकडा यावा. लेखकाने लिहिले नाही तर संपादकीय टिपणात द्यावे.

दुसरी मागणी आपल्याच पत्राविषयी आहे. नाशिकमध्ये बांधकाम, कंत्राटे आणि निवडणुका ही आता एकाच माणसांची कामे झाली आहेत आणि सिंहस्थाच्या तोंडावर ती आणखी होतील. व्यापाऱ्याने राजकारणात येऊ नये असे मी म्हणत नाही. जीवनजी आले नसते तर त्या मंडळात एक गोरेतर आवाजही नसता. पण ज्या पानावर एखाद्या उद्योजकाचा गौरव पैसे घेऊन छापलेला असतो, तिथे कोपऱ्यात सहा पॉइंटच्या बारीक टाइपात, मजकुराच्या रंगात मिसळून जाईल असे 'जाहिरात' लिहिलेले असते. माझ्या वयाच्या माणसाला ते भिंगाशिवाय दिसत नाही. ते शीर्षकाच्या वर, किमान चौदा पॉइंटमध्ये, ठळक टाइपात, चौकटीत छापावे. आणि मार्चमधला फॉर्म ४ शेवटच्या आतल्या पानाच्या तळाशी न ढकलता पहिल्या पानावर घ्यावा. जागा फार लागत नाही. मी कित्येकदा जुळवला आहे, दोन कॉलममध्ये तीन इंचांत बसतो.

पत्र लांबले आहे, संपादित करून छापले तरी हरकत नाही. फक्त नासर्डीकाठच्या वस्तीचा भाग काढू नये, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त कंपोझिटर,
पंचवटी, नाशिक